वाचक विचारतात : जुने संगीत नाटक पुन्हा उभे करताना

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या हौशी नाट्यमंडळांकडून आलेल्या पत्रांत यंदा एकच विषय वरचेवर दिसतो : वर्षानुवर्षे कुणी न केलेले एखादे संगीत नाटक रंगमंचावर आणायचे आहे, सुरुवात कुठून करावी? त्यातले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : आमच्या गावच्या वाचनालयात किर्लोस्करी काळातल्या एका संगीत नाटकाची जुनी छापील प्रत मिळाली. पदांच्या डोक्यावर कुठे नुसते ‘साकी’, कुठे ‘दिंडी’, कुठे ‘चाल : अमुक’, तर कुठे राग आणि ताल एवढेच आहे. स्वरलेखन नाही, ध्वनिमुद्रणही नाही. चाली कशा बसवायच्या? (खानापूर तालुका)

उत्तर : आधी सगळी पदे एका वहीत उतरवा आणि त्यांचे तीन ढीग करा, कारण तिन्ही ठिकाणी काम वेगळे आहे.

पहिला ढीग साकी, दिंडी, ओवी, कामदा, अंजनीगीत या ठरीव चालीच्या जुन्या पद्यप्रकारांचा. इथे नवी चाल बांधायला जाऊ नका. ही वळणे कीर्तनात अजून जिवंत आहेत. जुन्या परंपरेतले हरिदास गाठा, त्यांच्याकडून प्रत्येक प्रकाराच्या दोन-तीन चाली फोनवर ध्वनिमुद्रित करून घ्या आणि मुद्रणाच्या सुरुवातीला षड्ज कोणता ते तोंडाने नोंदवा. मग मात्रा मोजा. साकीच्या ओळीत १६ आणि १२ अशा २८ मात्रा असतात. शेवटी ४ मात्रांचा विराम धरला की ३२ होतात आणि आठ मात्रांच्या धुमाळी तालाची ४ आवर्तने नेमकी भरतात. दिंडीत ९ आणि १० मिळून १९. ती तीन-तीनच्या गटाने चालते, म्हणून सहा मात्रांचा दादरा सोयीचा. पहिल्या ९ नंतर ३ मात्रा थांबायचे, आणि दुसऱ्या भागातले शेवटचे दोन गुरू प्रत्येकी तीन मात्रांपर्यंत लांबवायचे. १२ अधिक १२, हिशेब जुळतो.

घोटाळा होतो तो समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर. नमुन्यासाठी साकीची एक ओळ रचून दाखवतो : ‘ये रे पवना घेउनि जा हा, निरोप सखयादारी’. धुमाळीत बसवली की सम ‘ये’, ‘घे’, ‘नि’ आणि ‘दा’ या अक्षरांवर येते. यातले ‘नि’ लघु आहे. तबल्याची थाप पडली की नवखा गायक त्यावर जोर देतो, अक्षर लांबते आणि प्रेक्षकाला ‘नीरोप’ ऐकू येते. उपाय असा की ‘हा’चा दीर्घ स्वर समेवरून किंचित पुढे ओढावा आणि ‘निरोप’ अर्धी मात्रा उशिरा उचलावा. गायकाला हे तोंडी सांगून भागत नाही. संहितेत समेच्या अक्षराखाली खूण करा, लघु अक्षर असेल तिथे लाल. पहिल्याच वाचनात कळते की नाटकभर अशा जागा किती आहेत.

दुसरा ढीग ‘चाल : अमुक’ असा निर्देश असलेल्या पदांचा. यात माग काढावा लागतो. ते ‘अमुक’ पद दुसऱ्या नाटकातले असेल तर त्या नाटकाच्या प्रतीत त्याच्या डोक्यावर काय छापले आहे ते पाहा. पुष्कळदा तिथे राग आणि ताल सापडतो. ‘शाकुंतल’ आणि ‘सौभद्र’ लिहिणाऱ्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी चाली कीर्तनातून घेतल्या, लावणीतून घेतल्या आणि कर्नाटकातल्या गाण्यांवरूनही घेतल्या. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या नाटकांत पारशी रंगभूमीच्या उर्दू-हिंदी चाली आल्या. म्हणजे निर्देश कानडी ओळीचा असेल तर पुण्या-मुंबईत विचारत फिरण्यात अर्थ नाही. दासरपदे म्हणणारी कानडी भजनी मंडळे आपल्या शेजारच्या गल्लीत आहेत, धारवाड दोन तासांवर आहे. ओळ घेऊन त्यांच्याकडे जा. मूळ पद सापडले तरी एक परीक्षा बाकी राहते : मूळ ओळीच्या आणि मराठी ओळीच्या मात्रा सारख्या आहेत का? दोनचार मात्रांचा फरक चालतो. सहा-आठ मात्रांचा फरक निघाला तर ती चाल त्या पदाची नव्हे, नुसता नावाचा योगायोग आहे.

तिसरा ढीग राग-तालाचा. इथेच तुम्हाला खरी नवी बांधणी करायची आहे. छापलेला राग आणि ताल पाळा, स्थायी दोन आवर्तनांपेक्षा लांबवू नका आणि पहिल्या तालमीपर्यंत ताना घालू नका. आधी शब्द कळले पाहिजेत. भावगीताचे किंवा चित्रपटगीताचे वळण नकळत शिरते ते बहुधा ओळीच्या शेवटी, तेवढे तपासत राहा.

जुन्या तबकड्या मिळाल्या तर जरूर ऐका, पण लय त्यावरून ठरवू नका. ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन-सव्वातीन मिनिटेच मावत. त्या मापात पद बसवण्यासाठी लय चढवलेली किंवा अंतरा गाळलेला असण्याची शक्यता मोठी असते. तबकडीची हुबेहूब नक्कल करणारे प्रयोग ऐकायला बरे वाटतात, पण पात्र बोलता बोलता गाऊ लागले आहे असे त्यात वाटत नाही. संगीत नाटकात तेच हवे असते.

आणि कार्यपत्रिकेत स्पष्ट छापा : इतक्या पदांच्या चाली परंपरेतून मिळालेल्या, इतक्या नव्याने बांधलेल्या. नव्या चालीला ‘मूळ चाल’ म्हणून खपवले की पुढे माग काढणारा माणूस फसतो.

प्रश्न : मूळ नाटक रात्रभर चालायचे म्हणतात. आम्हाला सभागृह तीन तासच मिळते. काय कापावे? (बेळगाव शहर)

उत्तर : मांडणी-आवराआवर वगळून नाटकाला १५० मिनिटे धरा. त्याचा हिशेब असा : साकी-दिंडीसारखी १० छोटी पदे, प्रत्येकी ४० सेकंदांची, म्हणजे ७ मिनिटे. मध्यम १२ पदे प्रत्येकी ३ मिनिटे, म्हणजे ३६. मोठी रंगणारी २ पदे मिळून ११. गाणे झाले ५४ मिनिटे. गद्य ८० मिनिटे. मध्यंतर १२. उरलेली ४ मिनिटे वन्समोअरसाठी राखून ठेवा. नाही मिळाला तर वेळेत सुटाल, तेही वाईट नाही. मिनिटाला सव्वाशे शब्द धरले तर ८० मिनिटांत गद्य दहा हजार शब्दांचे मावते. संहिता आधी मोजून घ्या.

‘शाकुंतला’त पदे दोनशेच्या आसपास आहेत, ‘सौभद्रा’त शंभरावर. त्यातून २४ निवडताना मंडळी लोकप्रियतेवर जातात आणि फसतात. साकी-दिंडी बिनमहत्त्वाची समजून सगळ्यात आधी उडवली जाते, पण कथा पुढे ढकलण्याचे काम तीच करते. ती काढली की तेवढीच माहिती गद्यात सांगायला दीड मिनिट लागते. आधी दुसरे-तिसरे अंतरे काढा. मग ज्या पदात आधीच्या गद्यातलीच गोष्ट पुन्हा सांगितली आहे ते पद किंवा ते गद्य, दोघांपैकी एक काढा. निसर्गवर्णनाची पदे त्यानंतर.

दोन जागा जपून. नांदी आणि सूत्रधार-नटीचा प्रवेश पूर्ण कापू नका. चार मिनिटांचा ठेवला तरी उशिरा येणारा प्रेक्षक बसून घेतो आणि कानाला षड्ज मिळतो. दुसरे म्हणजे विनोदी पात्रांचे मधले प्रवेश. ते फालतू वाटतात, पण नायिकेला वेश बदलायला मिळणारी पाच मिनिटे तिथेच असतात. तो प्रवेश गेला की रंगीत तालमीत नायिका अर्ध्या नेसलेल्या नऊवारीत विंगेत उभी आणि आर्गनवाला तोच अंतरा तिसऱ्यांदा वाजवतोय, असे दृश्य ठरलेले. कापलेली संहिता घड्याळ लावून दोनदा सलग वाचा, तीही पदे म्हणत. नुसत्या गद्यवाचनावरून वेळेचा अंदाज नेहमी कमी येतो.

प्रश्न : आमच्या नायिकेचा सूर काळी चार, नायकाचा काळी एक. युगुलपदात दोघांपैकी एकाची फरफट होते. पूर्वी कसे भागवत? (निपाणी)

उत्तर : पूर्वी हा प्रश्न याच रूपात नव्हता. भाऊराव कोल्हटकर शकुंतला आणि सुभद्रा करत, पुढे बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिका झाल्या. नायक-नायिका दोघेही पुरुषच. आज नायिकेचे काम स्त्री करते, तेव्हा मूळ पट्टीचा आग्रह सोडून द्यावा.

तुमच्या दोन पट्ट्यांत (पेटीच्या सप्तकातली चौथी आणि पहिली काळी कळ) मात्र सोयीचे नाते आहे. काळी चार हा काळी एकचा पंचम, आणि काळी एक हा काळी चारचा मध्यम. म्हणजे काळी एकला लावलेला एकच दायाँ (उजव्या हाताचा तबला), साधारण सव्वापाच ते साडेपाच इंच तोंडाचा, नायकाला षड्जाचा आणि नायिकेला मध्यमाचा म्हणून चालतो. अडचण मध्यम नसलेल्या रागात येते, उदाहरणार्थ भूप. तिथे नायिकेसाठी पंचमाचा, म्हणजे काळी दोनचा तबला लागेल. प्रयोग चालू असताना तोच तबला एक पूर्ण स्वर चढवण्याचा प्रयत्न करू नका. वेळ जातो, पुडी (तबल्यावरचे चामडे) फाटण्याची भीती राहते आणि हातोडीचा आवाज थेट प्रेक्षकांत जातो. दुसरा तबला लावून बाजूला झाकून ठेवा. तानपुरे मात्र दोन हवेतच, यंत्राचे असले तरी. मिरज जवळ आहे, खरे तानपुरे जवारी काढून आणणे या भागातल्या मंडळांना अवघड नाही.

युगुलपदात एकाने एक कडवे आपल्या पट्टीत म्हणायचे, मग चार-पाच शब्दांचे गद्य, मग दुसऱ्याने आपल्या पट्टीत. तेवढ्या गद्यात श्रोत्याचा कान जुना षड्ज सोडतो. अट एकच : त्या गद्याखाली आर्गनवर नवा षड्ज हळू धरलेला असावा. तो नसला की दुसरा गायक पहिल्याच्याच सुरात उचलतो, आणि मग अख्खे कडवे पडते. एकत्र म्हणायच्या ओळी असतील तर नायिकेने काळी तीनपर्यंत उतरावे, नायकाने खालच्या सप्तकात म्हणावे. तेही जमत नसेल तर ती ओळ एकालाच द्या. काहीही बिघडत नाही.

प्रश्न : युरोपात तीन-चारशे वर्षांपूर्वीचे बरोक ऑपेरे पुन्हा रंगमंचावर येतात असे वाचले. तिथे सगळे लिहून ठेवलेले असते, त्यामुळे त्यांचे काम सोपे, नाही का? आणि अपुऱ्या राहिलेल्या नाटकाचे काय करावे? आम्हाला ‘रामराज्यवियोग’ करायचे मनात आहे. (बैलहोंगल)

उत्तर : सगळे लिहिलेले असते हा समज चुकीचा आहे. इटालियन संगीतकार माँटेव्हर्डीचा ‘पोपेआचा राज्याभिषेक’ हा ऑपेरा १६४३ साली व्हेनिसमध्ये झाला. त्याच्या दोन हस्तलिखित प्रती उरल्या आहेत, एक व्हेनिसची आणि एक नेपल्सची, आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत. बऱ्याच भागात गायकाची ओळ आणि खाली खर्जाची एक ओळ, एवढेच. मधले सूर हार्प्सिकॉर्ड (पियानोआधीचे कळांचे वाद्य) आणि ल्यूट (छेडून वाजवायचे तंतुवाद्य) वाजवणाऱ्यांनी जागेवर भरायचे. कोणती वाद्ये, किती, कुठे थांबायचे, हे आजचा संगीत-दिग्दर्शक ठरवतो. शेवटचे गाजलेले युगुलगीत माँटेव्हर्डीचे की दुसऱ्या कुणाचे याबद्दलही अभ्यासकांत मतभेद आहेत. ‘चाल : अमुक’ वाचून डोके धरणाऱ्या खानापूरकरांना हे ऐकून बरे वाटेल.

पट्टीचा प्रश्न त्यांनाही आहे. नायकाच्या भूमिका कास्त्रातो गायकांसाठी लिहिलेल्या, म्हणजे बालपणी शस्त्रक्रिया करून ज्यांचा आवाज फुटू दिला नाही अशा पुरुषांसाठी. हँडेलचा ‘रोदेलिंदा’ जर्मनीत ग्योटिंगेनला १९२० साली पुन्हा झाला आणि तिथून हँडेलच्या ऑपेरांचे पुनरुज्जीवन सुरू झाले असे मानतात. तेव्हा अशा भूमिका खालच्या पुरुषी आवाजात उतरवल्या आणि पदांची भरपूर काटछाट केली. आज ती पद्धत मागे पडली आहे. त्याच पट्टीत गाणारी स्त्री घेतात, किंवा कृत्रिम वरच्या आवाजात गाणारा पुरुष, ज्याला काउंटरटेनर म्हणतात. वाद्येही आजच्या ४४० ऐवजी बहुधा ४१५ कंपनसंख्येला लावतात, म्हणजे जवळपास अर्धा स्वर खाली. गायकाचा वरचा स्वर त्यामुळे ताणत नाही. आपल्या प्रयोगात आर्गनची पट्टी तीच पवित्र मानून गायकाला ताणणाऱ्यांनी यातून जरूर शिकावे.

आता अपुऱ्या नाटकाबद्दल. विवाल्डीच्या १७३३ च्या ‘मोतेझूमा’चे संगीत हरवले होते. २००२ मध्ये बर्लिनच्या एका गायनसंस्थेच्या संग्रहात ते सापडले, तेही तुकड्यांत. काहींनी विवाल्डीच्याच दुसऱ्या रचना घालून रिकाम्या जागा भरल्या. माँटेव्हर्डीच्या ‘आरियाना’चा तर एक विलाप तेवढा उरला. तो तसाच, एकटा गातात.

‘रामराज्यवियोगा’चे तीन अंक १८८४ साली रंगमंचावर आले. पुढच्याच वर्षी अण्णासाहेब वारले आणि नाटक अपुरे राहिले. अण्णासाहेब गुर्लहोसूरचे, म्हणजे तुमच्याच भागातले. तेव्हा ते करण्याचा मोह पडणे स्वाभाविक आहे. आमचा सल्ला : चौथा अंक लिहू नका. आजच्या लेखकाची साकी त्या भाषेला जोडली की शिवण दिसते. तीन अंक करा, आणि शेवटी पडदा पाडण्याआधी सूत्रधाराने दोन मिनिटांत सांगावे की नाटक इथवरच लिहिले गेले. रामकथा प्रेक्षकाला ठाऊक आहे, पुढे काय झाले हे कुणी विचारणार नाही.

प्रश्न : आर्गन जुना आहे, पावसाळ्यात काही पट्ट्या बोलत नाहीत. हार्मोनियमवर भागवावे का? (चिकोडी)

उत्तर : पेटीवर प्रयोग होतो, पण पोत बदलतो. पेटीत हवा सुरीवर (स्वर देणाऱ्या पितळी पातीवर, म्हणजे रीडवर) आतून दाबली जाते, पायपेटीच्या आर्गनमध्ये ती सुरीतून आत ओढली जाते, म्हणून त्याचा आवाज गोल आणि मागे राहणारा. पट्टी बोलत नसेल तर बहुतेक वेळा सुरीत धूळ किंवा कीटकाचा तुकडा अडकलेला असतो. मऊ कुंचल्याने काढा, तेल अजिबात नको. स्वर हलला असेल तर कानस कारागिराच्याच हातात द्या. सुरीचे टोक घासले की स्वर चढतो, बुडाशी घासले की उतरतो, आणि घासलेले पितळ परत येत नाही. भात्याचे चामडे उंदरांपासून जपा. आर्गन असा ठेवा की वादकाला गायकाचे तोंड दिसेल. स्तंभ किंवा ध्वनिक्षेपकाची पेटी मध्ये आली की उचल चुकते.

प्रश्न : परवानगी कुणाची लागते? (संकेश्वर)

उत्तर : भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षे स्वामित्वहक्क असतो. किर्लोस्कर (मृत्यू १८८५), देवल (१९१६), गडकरी (१९१९), कोल्हटकर (१९३४), खाडिलकर (१९४८) यांची नाटके मुक्त आहेत. सावरकरांच्या नाटकांचा हक्क २०२६ अखेरपर्यंत, विद्याधर गोखल्यांचा २०५६ अखेरपर्यंत. चालीचा हक्क वेगळा, हे लोक विसरतात. भास्करबुवा बखले (१९२२) आणि गोविंदराव टेंबे (१९५५) यांच्या चाली मुक्त, पण मास्टर कृष्णराव १९७४ मध्ये गेले, त्यांच्या चालींना २०३४ अखेरपर्यंत परवानगी लागते. अभिषेकीबुवांच्या चालींना २०५८ अखेरपर्यंत. म्हणजे शब्द मुक्त आणि चाल बांधलेली, असे एकाच पदात होऊ शकते. नाटक पुढे कोल्हापूर-सांगलीला न्यायचे असेल तर महाराष्ट्राच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे संहिता आधी द्या, आणि ती कापलेली द्या.

प्रश्न : आमच्याकडे निम्मे प्रेक्षक कानडी बोलणारे. त्यांच्यासाठी काय करता येईल? (अथणी)

उत्तर : गाण्याला ते येतीलच. कर्नाटकातल्या भागवतांचे खेळ पाहूनच विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ उभे केले, तेव्हा हा प्रकार त्यांना परका नाही. प्रत्येक अंकाचे पाच-सहा ओळींचे कानडी कथासार कार्यपत्रिकेत छापा. पडद्यावर भाषांतर दाखवायचे असेल तर पडदा रंगमंचाच्या वर, एका वेळी दोनच ओळी, पांढरी अक्षरे काळ्यावर. पदाची ओळ पहिल्यांदा म्हटली जाईल तेव्हा दाखवा, पुनरावृत्तीत पडदा काळा ठेवा, नाहीतर लोक वाचतच राहतात. कळ दाबणाऱ्याला दोन्ही भाषा यायला हव्यात आणि त्याच्या हातात शेवटची कापलेली संहिता हवी. विनोदाची ओळ नटाच्या तोंडून सुटल्यावरच दाखवायची. आधी दिसली तर अर्धे सभागृह नटाच्या आधी हसते आणि नटाचे वाक्य त्या हशात बुडते.